झेरॉक्सने निळं धरलं नाही

लाखनी, तान्हा पोळा, संध्याकाळ

थकलो. सगळ्या प्रतींना घड्या घालून, पिना मारून झाल्या आणि मग हे दिसलं.

आमच्या चित्रकथेत दोनच पात्रं. ट्रकवाला विलास काढतो, पानठेलेवाला मी. शेवटच्या पानाला काळा पेन संपला, म्हणून मी माझा माणूस फिक्या निळ्या पेनाने काढला. फिकं निळं झेरॉक्समध्ये उमटत नाही, हे मला माहीत नव्हतं का? चौकटी आपण त्याच निळ्याने आखतो, नंतर पुसायला नको म्हणून! डोकं कुठं होतं माझं?

विलास उद्या पुण्याला नोकरीवर चालला. हा शेवटचा अंक. पान पुन्हा काढू म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे बे, आता कायले? बॅग भराची हाये."

त्याच्या बहिणीने एक प्रत वाचायला घेतली. शेवटच्या पानावर ट्रकवाला हात हलवून म्हणतो, "येतो गड्या." समोर कोरा कागद. तिथं माझ्या माणसाचं "थांब ना" होतं. तेही निळ्यातच.

"हा कोनाले सांगून राहिला?" तिनं विचारलं.

विलास बॅगेत कपडे कोंबत होता.

"मले," मी म्हटलं.