तेलाने माखलेली वस्तू परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सागरी प्रदूषण नियंत्रण व शेजारी देश समन्वय कक्ष,
बंदर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तेलगळतीच्या कामावर मृत झालेल्या मुलाचा देह शेजारी देशातून आणण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘सदर बाब या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही.’

महोदय,

मी बंदरावर होड्या रंगवतो. माझा थोरला मुलगा आपल्या तेल उपसणाऱ्या बोटीवर रोजंदारीला होता. टँकर फुटला त्या आठवड्यात तेल अडवायचे तरंगते कुंपण ओढताना तो पाण्यात पडला. प्रवाहाने त्याला हद्दीपलीकडे नेले. तिकडच्या मच्छीमारांनी त्याला बाहेर काढले, तोंड पुसले, फोटो पाठवला. ओळख पटली आहे. तो तिकडच्या शवागारात आहे.

१. पोलिसांनी मला परराष्ट्र खात्याकडे पाठवले, त्यांनी परत पोलिसांकडे. दोन्ही देशांचे सध्या बिनसले आहे, असे कळले. फक्त आपल्या कक्षाचा पत्रव्यवहार चालू आहे, कारण समुद्र दोघांचा एकच.

२. हे सहकार्य उत्तम चालते. मुलाच्या कोटावरचे तेल तिकडच्या कार्यालयाने खरवडून तपासणीसाठी पाठवले, ते आपल्याला आठवड्याच्या आत पोचले. तेल आपल्याच हद्दीतले, हे आपण मान्यही केले. ती बाटली मी आपल्या टेबलावर पाहिली. तेल आले, मुलगा तिकडेच राहिला.

३. आपल्या कारकूनबाईंनी मला पाणी दिले. म्हणाल्या, “काका, दोन्ही देशांच्या तेलगळती करारात पिंप आहे, जाळं आहे, फुटकी होडीसुद्धा आहे. माणूस नाही हो. असता तर मीच टाइप करून दिलं असतं.” त्यांचा दोष नाही.

४. तेलाने माखलेली वस्तू, ज्या देशाचे तेल त्याने स्वखर्चाने परत न्यावी, हे कलम त्यांनीच मला वाचून दाखवले. तरी माझ्या मुलाची नोंद वस्तू म्हणून करावी. लांबी साडेपाच फूट. रंग, तेल पुसल्यावर, सावळा. वजन आता सांगता येत नाही. धोकादायक नाही.

तिकडे वाहून गेलेली पिंपे ज्या बोटीने येतील, तिनेच त्याला आणावे. वेगळी बोट मागत नाही. धक्क्यावर उतरवून घ्यायला मी आणि त्याचा धाकटा भाऊ येऊ. क्रेन लागणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
होड्या रंगवणारा, धक्का क्रमांक दोन
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. तिकडून आलेला फोटो.
२. तेलाच्या तपासणी अहवालाची प्रत.
३. मुलाची नोंद वस्तू म्हणून करण्यास वडिलांची संमती. आईची सही नाही. तिला समजावले, ती करणार नाही. तेवढ्यासाठी अर्ज अडवू नये.