अकरा खोल्यांची बोट

प्रिय वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी घाबराल आणि मग रागवाल, की फोन हाताशी असताना ही बाई चार पानं लिहीत का बसली. कारण साधं आहे. फोनवर तुम्ही मला सलग तीन वाक्यं बोलू देत नाही. तिसऱ्याला तुमच्यातली मेट्रन जागी होते आणि आवाज बसलेला का वाटतोय, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, असा राउंड सुरू होतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा वॉर्ड काही बंद झालेला नाही. आज मात्र मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. बातमी आनंदाची आहे, निदान माझ्यासाठी. ती ऐकल्यावर तुम्ही माझ्या राहाल की नाही, एवढीच धाकधूक आहे. तुमचे बंधू गेल्याला सहा वर्षं झाली, पोटी मूल नाही, माहेरचं कुणी उरलं नाही. 'आपलं' म्हणावं असं माणूस तुम्ही एकच, तेव्हा ही धाकधूक काही लहानसहान नाही. पण आधी गंमत ऐका.

मी नदीवर सहलीला जाते आहे. आठ दिवस बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं-झोपायचं, आणि आपली खोली आपल्याबरोबर गावोगाव फिरवायची. बॅग एकदा उघडायची ती परत निघतानाच भरायची. ह्या एका गोष्टीवर मी भाळले. तुम्हाला आठवतंय ना, आमच्या सहली कशा असत? तुमच्या बंधूंनी जन्मभर डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखली आणि सुट्टीत माझं आखलं. पहाटे पाचला गजर, खिशात यादी, प्रत्येक ठिकाणापुढे बरोबरची खूण. एकदा तर एका दिवसात नऊ ठिकाणं पाहिली आणि नववं काय होतं ते दोघांनाही घरी आल्यावर आठवेना. ह्यांनी शेवटी यादी काढून बघितली. आम्ही खूप हसलो होतो तेव्हा. त्या सहलींचं मला वाईट वाटत नाही वन्सं, हे आधीच सांगून ठेवते. त्यांच्यामागे धावताना मजाच यायची. फक्त धावत होते, एवढं खरं.

ही सहलीची कल्पना माझी नाही. माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून चष्म्याचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलंय. गेल्या खेपेला त्यांनीच तुमच्या चष्म्याची दांडी बसवून दिली आणि बाहेर येऊन तुम्ही शेरा मारलात की माणूस कमी बोलतो पण हात स्वच्छ धुतो. तेच. चार वाजता आमच्या दोघांच्याही दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून गेली दोन वर्षं आम्ही चहा एकत्र घेतो. एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. त्यांच्या पत्नीला जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात चहाबरोबर त्यांनी टेबलावर सहलींच्या तीन पुस्तिका ठेवल्या आणि म्हणाले, बऱ्याच वर्षांपासून नदीवर जायचं मनात आहे, एकट्याने जाववत नाही. एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता आठ मिनिटं एकच काच पुसत राहिले. मी म्हटलं, बघू या तरी.

मला वाटायचं बोट म्हणजे बोट, पळसाला पानं तीनच. पण तसं नाही हो. कंपनी-कंपनीचा स्वभाव वेगळा, अगदी सासर निवडावं तसं. पहिली कंपनी मोठी. दीडशे माणसं, पांढऱ्या हातमोज्यांचे वाढपी, संध्याकाळच्या जेवणाला ठेवणीतले कपडे. सकाळी सात वाजता कानात यंत्र घालून झेंडेवाल्या माणसामागे निघायचं आणि दिवसाला पाच-सहा ठिकाणं बघायची. दुसरी कंपनी उत्साही मंडळींची. बोटीवर सायकली, पहाटे व्यायाम, टेकड्या चढणं, संध्याकाळी इतिहासावर व्याख्यान. तिसरी अगदी छोटी. जुनी बोट, सगळ्या मिळून अकरा खोल्या, कप्तानाची बायकोच स्वयंपाक करते, एकच लांब टेबल. कुठे किती थांबायचं ते त्या दिवशी सकाळी सगळ्यांना विचारून ठरवतात. पुस्तिकाही त्यांची एकाच पानाची, आणि त्यावरच्या फोटोत कप्तान दोरीवर चादरी वाळत घालतो आहे.

सहल-कार्यालयातल्या बाई फार हुशार निघाल्या. म्हणाल्या, आधी कंपनी निवडू नका, आधी तुम्ही कोणत्या जातीचे प्रवासी आहात ते ठरवा. हातात एकेक प्रश्नपत्रिका दिली. सुट्टीत किती वाजता उठायला आवडतं? एका दिवसात किती ठिकाणं? मार्गदर्शक हवा की नको? जेवताना किती माणसं? बोट किनाऱ्याला लागली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? मी ती दुकानात आणली आणि एका पँटची उंची कमी करता करता पाच मिनिटांत भरून मोकळी झाले. परीक्षेत पहिला पेपर देऊन बाहेर पडणाऱ्या मुलीसारखा मला अभिमानही वाटला.

चारच्या चहाला ती चष्मेवाल्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, मग डोळ्यांवर घेऊन परत वाचली. मग मला विचारलं,

"ही पाचला उठणारी बाई कोण?"

मला आधी कळेचना. मग मी कागद हातात घेतला आणि बघते तर काय, उठायची वेळ पाच. ठिकाणं, जमतील तेवढी. मार्गदर्शक हवा. किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यात आधी यादी बघणार. वन्सं, मी दुकान दहाच्या आत उघडत नाही. सकाळी पहिला तासभर मला कुणी हाक मारलेली खपत नाही. आणि माझ्या अक्षरात, माझ्या नावाखाली, मी तुमच्या बंधूंचा कागद भरून ठेवला होता. चौतीस वर्षं लोकांची मापं घेते आहे; एकाच्या कागदावर दुसऱ्याचं माप लिहिण्याची चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. झाली ती स्वतःच्याच बाबतीत. मी पोट धरून हसले. हसता हसता मध्येच थांबले, कारण कोरा कागद पुन्हा भरायचा म्हटल्यावर पहिल्याच प्रश्नाला अडले. मला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी. रडूही आलं थोडं. त्यांनी काही समजूत घातली नाही, फक्त दुकानाचं दार लोटून घेतलं.

मग सुरू झाली माझी तपासणी. डोळे तपासताना ते कसं विचारतात, तुम्ही अनुभवलंच आहे. हे बरं दिसतं की हे? आता? आणि आता? तसंच रोज चहाला एक प्रश्न. खिडकीची खोली बरी की गच्चीजवळची? ओळखीच्यांत जेवण बरं की अनोळखी लोकांत? उत्तर लगेच दिलं तर ते मान्यच करायचे नाहीत, उद्या पुन्हा विचारायचे. मी वैतागून एकदा म्हटलं की अहो, मोतीबिंदू असता तर एव्हाना पिकला असता. पण त्यांचा धीर सुटत नाही. शेवटी त्यांनीच उपाय काढला. आपल्या नदीवर इकडून तिकडे माणसं नेणारी साधी फेरीबोट आहे ना, तिच्यावर एका रविवारी दिवसभर बसायचं, काही ठरवायचं नाही, आणि मी काय करते ते मीच बघायचं.

अकरा वाजता गेलो. सात फेऱ्या केल्या. तिकीट फाडणाऱ्याला वाटलं आमचं काहीतरी हरवलंय. पहिल्या दोन फेऱ्या मी पुढे उभी राहिले, कारण सगळे पुढे उभे होते. तिसरीला मागे गेले आणि मग मागेच राहिले. मागे गर्दी नसते, तिथून काठावरच्या घरांच्या पाठी निवांत बघता येतात वन्सं. रस्त्याच्या बाजूने सगळी घरं रंगवलेली, पण पाठीमागे दोरीवर कपडे, अंगणात मोडकी खुर्ची, दारात बसून भाजी चिरणारी बाई. एका दोरीवर मीच शिवलेला निळा कोट वाळत होता. एवढा आनंद मला आजवर कुठल्या स्मारकापुढे उभं राहून झाला नव्हता. मी तो कोट येता-जाता प्रत्येक फेरीला बघितला. चष्मेवाले मात्र तिसऱ्या फेरीनंतर पलीकडच्या काठावर उतरले, तास-दीड तास पायी भटकले, आणि सहाव्या फेरीला पाय धुळीने माखलेले, चेहरा खुललेला असे परत चढले. मी काय बघितलं ते मी त्यांना सांगितलं, त्यांनी काय बघितलं ते त्यांनी मला सांगितलं. दोघांचा दिवस वेगळा गेला आणि तरी एकत्र गेला. हे असं करता येतं हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कागद भरला तो दोन मिनिटांत. उठायची वेळ, जाग येईल तेव्हा. ठिकाणं, एक, तेही मन असेल तर. बोट किनाऱ्याला लागली की काय करता, याच्यापुढे लिहिलं, बसून राहते. कार्यालयातल्या बाईंनी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि काळजीत पडल्या. माझ्या कागदावरून छोटी बोट, चष्मेवाल्यांच्या कागदावरून सायकलीवाली. मग त्यांनी फोन लावून चौकशी केली तेव्हा कळलं की छोट्या बोटीवरही कप्तानाच्या दोन जुन्या सायकली आहेत, आणि हवं असेल तर एका धक्क्यावर उतरून काठाकाठाने पुढच्या धक्क्यावर बोटीला गाठता येतं. झालं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पांढरे हातमोजे राहिले बाजूला, आम्ही अकरा खोल्यांची बोट घेतली. आता मी मनात मांडे खाते आहे. बोटीसाठी गुडघ्याएवढा एक सैल कोट शिवायला घेतला आहे, मोठ्ठ्या खिशांचा, आणि खिशात काहीही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, नमनालाच घडाभर तेल गेलं, मूळ गोष्ट कुठे आहे. तुम्ही तर दुसऱ्या पानावरच ओळखली असेल. तुमच्यापासून कुणाचा ताप लपला नाही, माझं काय लपणार. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. कार्यालयातल्या बाईंनी शेवटी विचारलं, खोल्या किती? एक की दोन? चष्मेवाले म्हणाले की ते ह्या सांगतील, आणि भिंतीवरचा नकाशा बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं,

"एक. पण निघायच्या आधी आम्ही लग्न करतो."

वन्सं, त्यांनी मला विचारलं नव्हतं. मीही त्यांना विचारलं नव्हतं. तसंच सांगून टाकलं, कार्यालयात, पाच माणसांसमोर. ते नकाशासमोरून वळले आणि बाईंना म्हणाले की मग एकच लिहा. बाहेर आल्यावर आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून इतके हसलो की एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबून विचारलं, काही मदत हवी का.

पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात जायचं आहे. त्यांच्या बाजूने त्यांचा भाऊ सही करणार आहे. माझ्या बाजूच्या साक्षीदाराचं नाव शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तुमच्या भावाच्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाला तुम्हीच साक्षीदार व्हा, असं म्हणायला जीभ धजत नाही, म्हणून लिहून विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. लग्नही करीन आणि बोटीवरही जाईन, हेही खरं. पण हॉस्पिटलात ह्यांच्या शेवटच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा माझा हात थरथरत होता. तुम्ही पेन माझ्या हातात नीट धरून दिलंत, आणि मी एकटी पडू नये म्हणून माझ्या सहीखाली स्वतःची सही केलीत. ती मागितलेलीसुद्धा नव्हती कुणी. आता माझा हात थरथरत नाही वन्सं. तरी माझ्या सहीखाली तुमचीच सही हवी आहे.

तुमचीच, आणि पुढेही तुमचीच राहू बघणारी,
वहिनी