आडव्या खुर्चीचा लिलाव

३ जून, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, त्याची नोंद राहिली पाहिजे.
तेवीस तारखेला लेकीचं लग्न. तिकडे, परदेशात, सरकारी ऑफिसात, सह्या करून. आमचं विमान एकोणीसला. प्रवास पंधरा तास.
अडचण एकच, बायकोची कंबर. फेब्रुवारीत मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलंय, सलग पाऊण तासाच्या वर बसायचं नाही. साध्या सीटवर पंधरा तास काढलेत तर लग्नाला उभ्या राहाल याची मी खात्री देत नाही, असं तिच्या तोंडावर म्हणाले. विमानाच्या पुढच्या केबिनमध्ये खुर्ची पूर्ण आडवी होते. तिथे झोपून जाणार असाल तर खुशाल जा, असंही म्हणाले.
म्हणजे प्रश्न सुटला. तिकिटं साधी काढलेली आहेत, ती अपग्रेड करायची. बायकोला सांगितलं, तू फक्त बॅग भर.
तिने फोनवर विमान कंपनीचं पान उघडून दाखवलं. अहो, इथे किंमत लिहिलीय, सहा जागा शिल्लक आहेत, एक माझ्यापुरती घ्या नि मोकळे व्हा, असं म्हणाली. मला हसू आवरेना. बत्तीस वर्षं लिलावघरात हातोडा आपटतोय. माझ्यासारख्याने छापील किंमत मोजायची? उद्या कामावर तोंड कसं दाखवू?
त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, उरलेल्या जागांसाठी बोली लावता येते. बोली बंद सतरा तारखेला सकाळी दहाला. याला म्हणतात नजर.

५ जून, गुरुवार
बोली लावली. कमीत कमी. पानावर एक काटा आहे, तो लाल भागात गेला आणि खाली उमटलं, आपली बोली कमजोर आहे. छान. सुरुवातीलाच भूक दाखवली की समोरचा ओळखतो.
आम्हा दोघांची तिकिटं मी वेगवेगळी काढली होती. जोडीच्या खुर्च्या एकत्र विकल्या तर भाव वेगळा, सुट्या विकल्या तर वेगळा. हे गणित कंपनीला ठाऊक नसणार. त्यामुळे आता माझ्याही तिकिटावर वेगळी बोली लावता आली. स्वतःसाठी नाही. तिला उठायला, बूट घालायला कोणीतरी शेजारी लागेलच की.
बायकोने विचारलं, झालं का? म्हटलं, झाल्यात जमा.

८ जून, रविवार
लेकीचा फोन. आईची सीट पक्की ना, असं तीनदा विचारलं. साडी घेतलीस ना, फोटोत तू माझ्या उजव्या हाताला उभी राहणार आहेस, असं आईला सांगत होती. बायको भिंतीला टेकून उभ्यानेच बोलत होती. बसली की कळा येतात.
मी मधे तोंड घालून सांगितलं, बाबा आहेत ना.
संध्याकाळी तिची बोली थोडी वाढवली. काटा पिवळ्यात. मग माझीही वाढवली, नाहीतर मी एकटा मागे राहीन.

११ जून, बुधवार
छापील किमतीच्या जागा संपल्या. सहाच्या सहा. बायकोने सकाळी चहा ठेवता ठेवता पाहिलं. गॅस बंद करायला विसरली.
मी तिला समजावलं, ही चांगली बातमी आहे. छापील किंमत मोजणारे भोळे लोक एकदाचे गेले, आता मैदानात जाणकार उरले. बोलीसाठी कंपनीने वेगळी राखलेली एक जागा राहिली आहे.
एकच.
चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चेहरा हे आमचं भांडवल.

१२ जून, गुरुवार
एकच जागा आहे तर माझी बोली मागे घ्यावी, असा विचार मनात आला. एका दृष्टीने बरोबर. पण मागे घेतली की समोरच्याला कळतं, हा कच खातोय.
शिवाय आज दुपारी पाहतो तर बायकोच्या बोलीखाली ओळ, आपल्यापेक्षा वरची बोली आलेली आहे. म्हणजे आहे कोणीतरी! ही जात मी ओळखतो. शेवटच्या रांगेत बसतो, हात वर करत नाही, नुसती भुवई उचलतो. याचं नाव ठेवलं, मागच्या रांगेतला.
तिची बोली वाढवली. पाच मिनिटांनी माझ्या बोलीखालीही तीच ओळ. काय चपळ माणूस आहे! माझीही वाढवली. लगेच तिच्याखाली पुन्हा ओळ.
बेट्याला दुसरा उद्योग नाही.

१४ जून, शनिवार
आज लिलावात एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या घरचं सामान होतं. कपाट कोणी घेईना. मग नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसवलेल्या आपल्या माणसाला खूण केली. आमच्या धंद्यात माल हलेना की गिऱ्हाईकांत 'आपला माणूस' बसवतात. तो खोटी बोली चढवत नेतो, खऱ्या गिऱ्हाइकाला चेव येतो. कपाट चांगल्या भावाला गेलं.
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझी बोली म्हणजे आपला माणूस! ती मी दणादण चढवायची. मागच्या रांगेतला घाबरून पळेल. मग शेवटच्या मिनिटाला बायकोची बोली सगळ्यांच्या वर टाकायची. एक वार, दोन वार, तीन वार.
कौतुकाने हे आमच्या कारकूनबाईंना सांगितलं. त्या पावत्या फाडता फाडता थांबल्या. म्हणाल्या, साहेब, आपला माणूस विकणाऱ्याच्या बाजूने असतो, घेणाऱ्याने कशाला बसवायचा? तुम्ही जन्मात कधी काही विकत घेतलंय का?
पावत्या फाडणाऱ्याने पावत्या फाडाव्यात.

१५ जून, रविवार
माझी बोली हिरव्यात. आपली बोली भक्कम आहे. फार दिवसांनी कोणी चांगलं बोललं.
तिची लाल.
बायको गादीवर आडवी पडून साडीला फॉल लावत होती. हात वर धरून. मला म्हणाली, तुमच्याने होत नसेल तर आत्ता सांगा, मी जात नाही, फोनवर बघेन लग्न, पण तिकडे जाऊन पडून राहायचं नाही मला. इतकं सरळ ती क्वचित बोलते. तिला वचन दिलं, झोपूनच नेईन.
मनापासून दिलं. हे इथे लिहून ठेवतो.

१६ जून, सोमवार
हातातोंडाशी आलंय. मागच्या रांगेतला अजून हटत नाही. मी जितका चढवतो तितका तो बायकोच्या वर राहतो. बरोबर माझ्याएवढाच. मला त्याचा आदर वाटू लागलाय.
उद्याचा बेत: नऊ पन्नासला माझी शेवटची चढ, दबावासाठी. नऊ अठ्ठावन्नला बायकोची, कायमची. आधी टाकली तर तो उत्तर देईल. वेळ हेच शस्त्र.

१७ जून, मंगळवार, सकाळी ९.५२
माझी चढ गेली. हिरवा काटा टोकाला टेकला. आता श्वास रोखून बसलोय.

त्याच दिवशी, १०.२०
बायकोची बोली नऊ अठ्ठावन्नला भरली. तिच्या कार्डाने, कारण माझ्या कार्डावरचे पैसे माझ्या बोलीत अडकले होते. ओटीपी तिच्या फोनवर गेला. फोन तिच्या पर्समध्ये, पर्स फिजिओथेरपिस्टच्या बाहेरच्या खोलीत खुंटीवर, आणि ती आत पालथी झोपून कमरेला शेक घेत होती. मी अकरा वेळा फोन केला. शेवटी तिथल्या मदतनीस मुलीने उचलला आणि पेशंट आत आहे म्हणून ठेवला.
दहा वाजले. पान बंद.

त्याच दिवशी, दुपार
दोन ईमेल. माझ्या नावे: अभिनंदन. तिच्या नावे: खेद आहे.
कंपनीला फोन लावला. म्हटलं, त्या तिसऱ्या माणसाशी बोलायचंय, तो जागा विकतो का विचारा. पलीकडची मुलगी गोंधळली. तिसरा कोण, सर? या जागेवर दोनच बोल्या होत्या, दोन्ही एकाच आडनावाच्या, असं म्हणाली.
मी फोन कानाला धरून दोन्ही ईमेलमधली नावं पुन्हा वाचू लागलो. तिने हॅलो हॅलो केलं आणि ठेवून दिला.
थोड्या वेळाने मनाशी म्हटलं, असू दे, खुर्ची घरातच राहिली. माझी जागा तिला द्यायची, संपला विषय. पुन्हा फोन केला. अपग्रेड नावावर असतं, बदलत नाही. विमानात बसल्यावर तिथल्या लोकांना विचारून बघा, असं उत्तर मिळालं.
बायकोला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग म्हणाली, निघू या, तिकिटं काढलीयत तर.

१९ जून, गुरुवार, विमानात
सामानाच्या काउंटरवर विनवण्या केल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. विमान भरलेलं, मागेपुढे एकही जागा रिकामी नाही. विमानात हवाईसुंदरीने ऐकून घेतलं. भली आहे. जेवण झालं की अदलाबदल करा, मी आमच्या वरच्या मॅडमना सांगते, आधी सगळ्यांना बसू दे, असं म्हणाली.
म्हणजे जमलं! सांगत होतो ना.
बायको मागे, मधल्या सीटवर, दोन धिप्पाड माणसांच्या मधे. तिला जाऊन सांगितलं, जेवण होऊ दे, आलोच. तिने मान हलवली.
इथे मला गरम रुमाल दिला. नको म्हणणं बरं दिसेना.

त्याच दिवशी, जेवणानंतर
आता बोलावतो तिला. त्याआधी एक काम केलं पाहिजे. या खुर्चीची बटणं नऊ आहेत. ती इथे आल्यावर चाचपडत बसायला नको. कमरेखालचा भाग नीट वर येतो का, मान कुठे येते, हे आधी स्वतः पाहून ठेवतो. पाच मिनिटं.
पूर्ण आडवी होते. खरंच होते. तिला फार बरं वाटेल.

तारीख कोणती लिहायची कळत नाही, विमानात
खुर्च्या सरळ करा, असं कोणीतरी सांगत होतं. मी म्हटलं, हो, आता बायकोला बोलावतो. ती म्हणाली, सर, आपण उतरतोय.

२० जून, शुक्रवार, लेकीच्या घरी
बायकोला विमानातून चाकाच्या खुर्चीवर आणली. तिथून जावयाने उचलून गाडीत ठेवली. ओठ दाताखाली धरला होता. इथल्या डॉक्टरबाई येऊन गेल्या. इंजेक्शन दिलं. आठवडाभर पाठीवर, उठायचं नाही, बसायचं नाही. सोमवारचं लग्न म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
लेकीला सांगितलं, एअरलाइनची चूक. अंतर्गत गोंधळ असतो त्यांचा.

२२ जून, रविवार
बायकोच्या उशाशी बसलो. धीर करून विचारलं, तूच का नाही आलीस पुढे मला उठवायला? चिडूनच विचारलं, थोडं. मला वाटलं होतं, तिच्याकडे उत्तर नसेल.
म्हणाली, आले होते. दोनदा. विमानातल्या त्या मुलीने पडदा बाजूला केला. तुम्ही तोंड उघडं टाकून झोपला होतात. पंधरा दिवस तुमचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, ते काय मला दिसत नव्हतं? तिला म्हटलं, झोपू दे, उठवू नकोस. तासाभरात स्वतःच उठतील असं वाटलं. मग मागे टॉयलेटपाशी उभी राहिले, ती मुलगी पाणी देत होती.
किती वेळ, हे मी विचारलं नाही.
पाणी आणतो म्हणून बाहेर आलो आणि लेकीच्या बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. नळ कितीतरी वेळ वाहत होता.

२३ जून, सोमवार
लग्न झालं. सकाळी अकराला सह्या. ऑफिस लेकीच्या घरापासून चालत सात मिनिटं. खिडकी उघडी असती तर टाळ्यांचा आवाज घरी ऐकू गेला असता.
बायको साडी नेसून पलंगावर पाठीवर होती. साडी लेकीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून नेसवली, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवत. फोन छातीवर उभा करून दिला होता. इकडे दुसरा फोन मी धरला होता, लेकीच्या उजव्या हाताला उभा राहून. सह्या बघायला मी वाकलो की मधे मधे तिला छतच दिसलं. हरकत नाही म्हणाली, आवाज येतोय.
फोटो काढले. जावयाच्या घरचे सगळे भेटले. भली माणसं. एकेक जण हात हातात घेऊन तेच म्हणत होता, पंधरा तासांचा प्रवास करून आलात, पण किती ताजेतवाने दिसताय.