चौथ्या गाण्याआधी

३ मार्च
पेपरात धाकटीची मुलाखत. अर्धं पान. ‘आजच्या ब्लूज संगीतातलं अव्वल नाव.’ ठीक. सख्खी बहीण आहे, कौतुक आहे. पण तिच्या गिटारचं ते जगावेगळं ट्यूनिंग आलं कुठून? म्हणे, ‘घरातच सापडलं.’ घरात झुरळं सापडतात. ती दहा वर्षांची असताना गिटार मी लावून दिली होती.

४ मार्च
बायको म्हणते, तुम्ही ती चुकीची लावली होती, आणि गिटारच्या सरांनी सांगितलं तर त्यांच्याशीच भांडलात. चूक नव्हे, दूरदृष्टी. तिला फरक कळत नाही.

७ मार्च
संकल्प : रोज दोन तास रियाझ. वर्षअखेर स्वतःचा अल्बम. माळ्यावरून गिटार काढली. आज फक्त पुसली.

८ मार्च
वीस मिनिटं वाजवली. शेजारच्यांनी विचारलं, सुतारकाम किती दिवस चालणार. जळतात मेले. तारा गंजल्यात. नव्या येईपर्यंत रियाझ स्थगित.

१२ मार्च
धाकटीचा फोन. शनिवारी इथे कार्यक्रम आहे, पहिल्या रांगेचे दोन पास पाठवतेय, दादा शेवटपर्यंत थांब हं. आता ही मला अटी घालणार.

१४ मार्च
ठरलं. तीन गाण्यांत माझं नाव आलं नाही, तर सगळ्यांदेखत उठून निघायचं. ताठ मानेनं. आरशासमोर दोनदा उठून पाहिलं. गुडघा वाजतो. तारा छेडायचं जुनं पिक जाकिटाच्या खिशात टाकलं. सहज.

१५ मार्च, संध्याकाळी ८
तीन गाणी झाली. नाव नाही. उठलो. बायकोनं शर्ट ओढला, जुमानलं नाही. दारावरचा माणूस म्हणाला, टॉयलेट डावीकडे. निषेध कशाशी खातात हेही ठाऊक नाही लोकांना. जाकीट खुर्चीवरच राहिलं. परत जाणं शोभलं नसतं. अवकाळी पावसात कुडकुडत चालत घरी. अंगाचा तिळपापड झालाय, तरी थंडी वाजतेय.

१६ मार्च
बायको चहा आदळताना एकदाच बोलली. चौथ्या गाण्याआधी धाकटी थांबली. म्हणाली, हे ट्यूनिंग माझ्या दादाचं, सगळे चूक म्हणाले, तो हटला नाही, म्हणून मी आज इथे आहे. दादा, वर ये. दुसरी गिटार त्याच ट्यूनिंगमध्ये लावून ठेवली होती. प्रकाशझोत माझ्या खुर्चीवर. तिथे जाकीट. लोकांनी उभं राहून त्याला टाळ्या वाजवल्या.

असल्या गोष्टी चौथ्या गाण्याआधी सांगतात का? पहिल्याआधी सांगायला काय झालं होतं? फोन करून चांगली झापणार होतो. केला नाही.

जाकीट खुंटीवर आहे. पिक खिशातच.