पहिला इंच नसलेली टेप

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच घ्यावा).

प्रकृती उत्तम असेलच, म्हणून थेट तक्रारीवर येतो. आपण उदार मनाने दिलेल्या मोजायच्या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे. जिला आरंभच नाही अशा वस्तूला शास्त्रकार अनादी म्हणून हात जोडतात. नळीकामात तसे भागत नाही.

तुमच्या आई जिन्यावरून पडल्या (मुका मारच होता) तेव्हापासून वरच्या खोलीतून खाली येतच नाहीत. जिन्याला धरायला काही नाही. वेल्डिंगवाला म्हणाला, "महिनाभर नाव काढू नका." आईंना महिनाभर वर कोंडायची माझी तयारी नाही. सबब लोखंडी नळी, करवत, कानस आणि हट्ट एवढ्या भांडवलावर मागच्या खोलीत मी कारखाना काढला आहे.

तुमची बहीण माप घेताना तुटका इंच वजा करूनच आकडा सांगते. तिच्या लक्षात नसेल म्हणून मी तो पुन्हा वजा करतो. पहिली नळी अशी उभयतांच्या दूरदृष्टीने आखूड झाली. "विचारायचं तरी," ती म्हणाली. "सांगायचं तरी," मी म्हणालो. दुपारचा चहा दोघांनी आपापला केला.

नळी वाकवायचे यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे. म्हणून चेपू नये यासाठी नळीत वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचे ठोकली आणि खिडकीच्या गजांत अडकवून जोर लावला. गज सुरेख वाकला. नळी स्थितप्रज्ञ. मग तिला तापवले. वाळू ओली असल्याचे एका बुचाने कळवले. ते माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्याच्या डब्यावर आदळले. वरून लगेच आईंचा आवाज, "लागलं का हो तुम्हाला?"

तरी सोडले नाही. वाळू कढईत भाजून कोरडी केली (कढईबद्दल घरात बोलणे वर्ज्य आहे), लाकडाचा अर्धगोल फळीला ठोकला आणि त्याच्याभोवती नळी हळूहळू वळवली. वळली. आता दोन्ही टोके भिंतीकडे वळलेला दांडा तयार आहे, आणि मी येताजाता त्याच्याकडे बघतो.

आपला,
मेहुणा

ता. क. दुसरी टेप पाठवू नये. हिच्या स्वभावाची आता सवय झाली आहे.

ता. क. दुसरा. रविवारी दांडा बसवतोय, तुम्ही याच. भिंत मी एकटाही फोडीन, काम वेगळे आहे. त्या दिवशी आई पडल्या तेव्हा आम्ही दोघे खालीच होतो. त्यांनी हाक मारली नाही. चहा घेऊन ही वर निघाली तेव्हा त्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. किती वेळ, ते सांगत नाहीत. दांडा मी करीन. पण पुन्हा काही झाले तर त्या हाक मारणार नाहीत, याची मला भीती वाटते. माझ्याशी त्या भीड धरतात. तुम्ही सांगून बघा.