गाडी बोलतेय

ता. ९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. बाबांची तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. माझं शिवणाचं दुकान ठीक चाललंय. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. झाली रीतभात.

दादा, गाडी सुरू झाली!

हो, तीच. एकतीस वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली, बाबांची. आज सकाळी मी ती गल्लीतून बाहेर काढली, पुलापर्यंत नेली आणि परत आणली. वळणावर हॉर्नही वाजवला, समोर चिटपाखरू नसताना.

तू म्हणशील, हिला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते तरी ठाऊक होतं का? नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी ताडपत्री उचलली ती फक्त सीटची कव्हरं शिवायला. ती झाल्यावर आत बसून स्टिअरिंग धरलं आणि वाटलं, एवढी नटवायची आणि नुसती उभी करून ठेवायची? तेव्हापासून रविवार गाडीचा. सुटा केलेला प्रत्येक नट मी बटणांच्या डब्यांत ठेवला. शर्टाच्या बटणांच्या डब्यात कार्बोरेटर, कोटाच्या बटणांच्या डब्यात ब्रेक. एकदा एका गिऱ्हाइकाला कोटाबरोबर जादा बटण म्हणून वायसर गेला. तो परत आणून देताना बिचारा म्हणाला, "ताई, हे जरा फारच भक्कम आहे."

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आधी नुसता हसायचा. "भंगारात द्या ताई, जागा तरी मोकळी होईल." कार्बोरेटरचं बारीक भोक मी सुईने साफ करायला गेले तेव्हा मात्र धावत आला. "सुई नको! भोक मोठं होईल!" जन्मभर सुईवर पोट भरलं आणि सुईपायीच बोलणी खाल्ली. आता तो मला उस्ताद म्हणतो. मी नको नको म्हणते आणि दिवसभर मिरवते.

बाबा दर रविवारी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, गाडीकडे पाठ करून. महिनाभराने खुर्ची वळली. मग सूचना सुरू झाल्या. तुला आठवतं ना, कुठलंही यंत्र नीट चाललं की ते म्हणायचे, "बोलतेय!"? मागच्या रविवारी मी इंजिनला बाटलीतून थोडं पेट्रोल दिलं. आधी खोकलं, धूर सोडला, आणि मग असं चालू लागलं की बाबा गुडघे विसरून उभे राहिले. "बोलतेय गं, बोलतेय!" मी ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले. तोंड माकडासारखं झालं, पण इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

इथवर लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहायला मी तिसऱ्यांदा पेन उचलतेय.

मग टाकी जोडली. गाडी दहा मिनिटं चालली आणि बंद पडली. जरा वेळाने सुरू झाली, पुन्हा बंद. ओळखीचं वाटतंय ना? तू बाबांना न विचारता गाडी नेलीस त्या दिवशी असंच झालं होतं. तू सांगत होतास, "मी दामटली नाही, आपोआपच बंद पडते," आणि बाबा ओरडत होते, "इंजिन बसवलंस तू माझं!" रागाच्या भरात त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

इंजिन ठणठणीत होतं, दादा. म्हणून मी टाकी उतरवली. आतून चिमट्याने एक चिंधी निघाली, मधूनमधून पेट्रोलची वाट अडवणारी. टेरिकॉटची, रंग उडालेला, पण एका कडेला तुरपाई शाबूत. टाके उलट्या बाजूला झुकलेले. आपल्या घरात डाव्या हाताने शिवणारी एकच होती.

तू गाडी नेलीस त्याच्या आदल्या दिवशी ती पुसताना माझ्या हातून टाकीचं झाकण हरवलं. पंधरा वर्षांची होते, बाबांच्या धाकाने शिवणाच्या सरावाची चिंधी बोळा करून टाकीच्या तोंडात कोंबली. संध्याकाळी झाकण बादलीमागे सापडलं, पण बोळा जागेवर नव्हता. वाऱ्याने उडाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाबा तुझ्यावर ओरडत होते तेव्हा मला शंका आली होती. आली नव्हती असं लिहिणार नाही. मी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात तू घर सोडलंस. आई गेली तेव्हा आलास, तर तुम्ही दोघं एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलत होतात. "त्यांना विचार, चहा घेणार का." आणि मी निमूट निरोप पोचवत होते. मला त्याची फार लाज वाटते.

बाबांना काल सांगितलं. चिंधी हातात दिली. ते बराच वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बॉनेट मी उघडायला हवं होतं." एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज ते माझ्या शेजारच्या सीटवर होते. पुलापर्यंत नुसते इंजिनकडे कान लावून. घरी येऊन मी चावी काढली तेव्हा म्हणाले, "गाडी तर बोलतेय." आणि मग समोरच्या काचेकडे बघत, "तो बोलेल का, विचार त्याला."

हा मी पोचवलेला शेवटचा निरोप. पुढच्या रविवारी आम्ही दोघं याच गाडीने निघतोय. वाटेत बंद पडली तर मीच दुरुस्त करीन. तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवीन. माझ्यासाठी दार उघडू नकोस हवं तर, बाबांसाठी उघड.

चिंधी या पाकिटात घातलीय. इतकी वर्षं ती तुझ्या माथी होती. मी आले की माझी मला परत दे.

तुझी अपराधी आणि गाडीची उस्ताद,
डावरी