तिन्ही कपाटांतला आवाज

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या चिरंजीवांवर माझा संशय आहे, हे आधीच सांगतो. मे महिन्यात खटपट्या आला आणि फोनचं एक, संगणकाचं दुसरं, फुकट मिळालेलं तिसरं, अशी तीन क्लाउडं, म्हणजे साठवणीची तीन कपाटं, जोडून गेला. मामा, आता काही हरवायचं नाही, म्हणाला. तुझी वहिनी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने म्हटलेली, फोनवर रेकॉर्ड केलेली पाखरांची कविता तिन्हींत दिसायची. फोन रोज जागा संपली म्हणून कुरकुरे. मी पडलो शाळामास्तर; एका दप्तरात एकाच विषयाच्या तीन वह्या कशाला, म्हणून एक तारखेला मी एक पुसली. सकाळी पाहतो तर उरलेल्या दोन्हीही गायब! पासवर्ड माझ्याखेरीज त्यालाच ठाऊक. तेच तेच किती ऐकता, असं हसलाही होता. मी पासवर्ड बदलून टाकला. रोज त्याचा फोन येतो, मी उचलत नाही. लबाडाला काळजी फार.

तुझ्यावर लोभ आहेच, त्याच्यापुरता आवरला आहे.

तुझा दादा


२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लेकाला फैलावर घेतलं. तो म्हणतो, ती तीन कपाटं नव्हेतच, एकाच खोलीच्या तीन खिडक्या. एकीतून उचललंस की तिन्हींतून गेलं. मास्तर, चोर घरातच निघाला. पुसलेलं तीस दिवस केराच्या टोपलीत राहतं, मग कायमचं जातं. हेच सांगायला तो फोन करत होता. पासवर्ड बदलला नसतास तर त्यानेच इथून परत आणली असती. माझाही फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र, आणि पत्राला आठ दिवस लागतात. टोपलीचं चित्र शोध, कवितेवर बोट ठेव, ‘परत आणा’ दाब. दुसरं काही दाबू नकोस.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी


२९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र काल पोचलं. टोपलीत कविता होती, खाली ‘तीन दिवस शिल्लक’. सांगितलंस तेवढंच दाबलं. आली.

एरवी शेवटचं कडवं संपलं की मी बंद करतो. पुढे नुसती खरखर आहे अशी माझी समजूत. काल भीतीने बोटच लावलं नाही, तर ते चालूच राहिलं. तुझी वहिनी खोकली, पेला खाली ठेवला, आणि म्हणाली की हे जपून ठेवायचं काम खटपट्याला सांगा, तुम्ही कशाला हात लावू नका.

नवा पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीत आहे, त्याला दे. मी होऊन फोन करायचा धीर होत नाही. त्याचा आला तर पहिल्या घंटेला उचलीन.

आवरलेला लोभ सोडला आहे, मायलेकांनी वाटून घ्यावा.

तुझा दादा